६२५ची गोळी ‘जास्त पॉवरची’ असते का?

घसा धरला की दुकानात जाऊन ‘सिक्स-ट्वेंटी-फाइव्ह द्या’ म्हणणारे पुष्कळ आहेत. साधी अमॉक्सिसिलिन ५००ची, ही ६२५ची, म्हणजे ही जास्त पॉवरची असा त्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब चुकीचा आहे. ६२५च्या गोळीतही अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच असते. उरलेले १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. ते स्वतः जंतूंना फारसे मारत नाही. काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचे एन्झाइम सोडून अमॉक्सिसिलिन निकामी करतात. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड त्या एन्झाइमलाच अडवते. अमॉक्सिसिलिन १९७२पासून वापरात आहे. हे जोडऔषध १९८१मध्ये ब्रिटनमध्ये आले, ते एवढ्याचसाठी.

जो जंतू हे एन्झाइम बनवतच नाही, त्याच्यापुढे जोडऔषधाचा जास्तीचा फायदा शून्य. घशाचेच बघा. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर दोन्ही गोळ्या निरुपयोगी. जंतुसंसर्ग असलाच तर तो बहुधा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचा असतो. तो बीटा-लॅक्टमेज बनवत नाही. त्याला साधे पेनिसिलिन आजही पुरते. याउलट कुत्र्या-मांजराच्या चाव्यात अनेक जातींचे जंतू शिरतात, तिथे डॉक्टर जोडऔषध देतात ते योग्यच. (रेबीजची लस मात्र वेगळी घ्यावीच लागते.)

गैरसमज: ६२५ घेतली तर बिघडत काही नाही.
वस्तुस्थिती: बिघडते. साध्या अमॉक्सिसिलिनपेक्षा हिच्याने जुलाब जास्त होतात. क्वचित यकृतालाही इजा होते, आणि कावीळ कधी कधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी दिसते.

गैरसमज: ३७५च्या दोन घेतल्या की ६२५चे काम होते.
वस्तुस्थिती: ३७५मध्ये अमॉक्सिसिलिन २५० आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२५ असते. दोन घेतल्या तर अमॉक्सिसिलिन तेवढेच, पण क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दुप्पट पोटात जाते.

गैरसमज: अमॉक्सिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ६२५ घ्यावी.
वस्तुस्थिती: यातला सर्वांत धोकादायक समज हाच. ६२५मध्ये अमॉक्सिसिलिनच आहे. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले असेल, श्वास अडकला असेल, तर दोन्ही टाळा आणि प्रत्येक डॉक्टरांना ते न विसरता सांगा.

स्ट्रिपवरची लाल रेघ पाहा. चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचे नाही, असाच तिचा अर्थ आहे. गोळी कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.