प्रिंटर घेण्याआधी कापड पाहा

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकसारखे टी-शर्ट हवे असतात. वाढदिवसाला छायाचित्र छापलेला कप भेट देण्याची पद्धतही आता रुळली आहे. घरातल्या एका खोलीत चालू शकणारा हा व्यवसाय त्यामुळे अनेकांना खुणावतो. मात्र, साठवलेली रक्कम पहिल्याच यंत्रात अडकून पडण्याची भीतीही येथे असते. कशावर छापायचे हे ठरण्यापूर्वीच प्रिंटर घेतला, की ही वेळ येते.

कमी भांडवलात सुरुवात करणारे बहुधा सब्लिमेशनकडे वळतात. यात विशेष शाईने कागदावर छापलेले चित्र हीट प्रेसखाली साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवले जाते. उष्णतेने शाईचे वायूत रूपांतर होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. म्हणूनच हा रंग सहजी धुतला जात नाही आणि हाताला जाणवतही नाही. परंतु, सुती कापडावर तो टिकत नाही. या शाईत पांढरा रंग नसल्याने गडद कापडावरही तिचा उपयोग होत नाही. कपावरसुद्धा पॉलिमरचा लेप असावा लागतो.

सुती आणि काळे टी-शर्ट हवे असतील, तर डायरेक्ट टू फिल्म अर्थात डीटीएफचा विचार करावा. यात फिल्मवर रंगीत आणि पांढरी शाई छापून त्यावर चिकट भुकटी पसरतात व नंतर चित्र कापडावर दाबतात. त्यातील पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतो. यंत्र काही दिवस बंद राहिले, तर तो तळाशी बसून छपाईचे हेड तुंबू शकते. रोज काम नसणाऱ्यांनी तयार फिल्म बाहेरून छापून आणून केवळ हीट प्रेस घेणे शहाणपणाचे. एकाच रंगातील शेकडो टी-शर्टची मागणी असेल, तर जुने स्क्रीन प्रिंटिंगच स्वस्त पडते.

साध्या इंकजेटमध्ये सब्लिमेशनची शाई भरण्याचा मार्गही अनेकजण अवलंबतात. त्यासाठी पिझो तंत्राचे हेड असलेला प्रिंटर लागतो. शाई तापवून फेकणारे हेड या कामाचे नाही. अशा बदलानंतर कंपनीची वॉरंटी गमवावी लागू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी प्रश्न हिशेबाचा आहे. समजा, यंत्रांत ६० हजार रुपये गुंतले आणि शाई, कागद, वीज व वाया गेलेला माल वजा जाता एका कपामागे ६० रुपये उरले, तर भांडवल वसूल होण्यास १००० कप विकावे लागतील. रोज ५ कप गेले, तरी त्याला २०० दिवस लागतील. २०१५मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. पण हप्ता पहिल्या ऑर्डरची वाट पाहत नाही. तेव्हा आधी चार ग्राहकांची मागणी जाणून घ्यावी, आपल्याच कापडावर नमुना छापून तो दोन-चार वेळा धुऊन पाहावा, शहरात दुरुस्तीची सोय आहे का याची चौकशी करावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी.