रेसिपीत ३५० अंश, ओटीजीवर फक्त २५०. केक नेमका किती तापमानावर भाजायचा?

अमेरिकन केकच्या रेसिपीत पहिलीच सूचना बहुतेक वेळा एकच असते : ओव्हन ३५० अंशांवर तापवून घ्या. घरच्या ओटीजीचा नॉब मात्र २५० ला संपतो. मग ‘जाईल तेवढा जाऊ दे’ म्हणून तो शेवटपर्यंत फिरवला जातो आणि केक वरून काळा, आतून कच्चा निघतो. अंडी, लोणी, काजू-बेदाणे सगळं वाया. ऑर्डर घेऊन केक करणाऱ्यांचं तर गिऱ्हाईकही जातं.

घोळ ओव्हनचा नाही, मापाचा आहे. अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात, आपल्याकडचे ओटीजी सेल्सियसवर चालतात. फॅरनहाइटच्या आकड्यातून ३२ वजा करायचे, उरेल त्याला ५ ने गुणून ९ ने भागायचं. ३५० मधून ३२ गेले, राहिले ३१८. उत्तर येतं १७७ च्या आसपास. नॉबवर १७७ कुठे सापडणार, १८० ठेवावं. याच हिशोबाने ३०० म्हणजे १५०, ३२५ म्हणजे साधारण १६५, ३७५ म्हणजे १९०, ४०० म्हणजे २०० आणि ४२५ म्हणजे २२०.

हात मैद्याने भरलेले असताना एवढं गणित कोण करत बसणार? अशा वेळी आकडा सरळ निम्मा करावा. ३२० फॅरनहाइट म्हणजे बरोबर १६० सेल्सियस. त्यामुळे ३०० ते ४०० या केक-बिस्किटांच्या टप्प्यात निम्मं उत्तर तीन-चार अंशांपलीकडे चुकत नाही. तेवढा फरक ओटीजी स्वतःच पाडतो. मंद आचेवर वाळवायच्या मेरँगला मात्र ही युक्ती नको. २०० फॅरनहाइट म्हणजे ९३ सेल्सियस. तिथे १०० ठेवलं तर पांढरा रंग पिवळटायला लागू शकतो.

दुसरी फसगत जास्त चोरटी. ‘भांडं काळं असेल तर २५ अंश कमी करा’ असं रेसिपीत लिहिलेलं असतं. हे २५ सुद्धा फॅरनहाइटच. पण हा दोन तापमानांमधला फरक आहे, म्हणून इथे ३२ वजा करायचे नाहीत. केले तर उत्तर येईल उणे ४, म्हणजे केक थेट फ्रीजरमध्ये! नुसतं ५ ने गुणून ९ ने भागलं की १४ येतात. १८० चे १६५ केले की झालं.

इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या पुस्तकात अंशच नसतात, ‘गॅस मार्क ४’ असतं. ते म्हणजे १८० सेल्सियस. त्यापुढचा एकेक मार्क हेच १४ अंश चढतो. रेसिपी साध्या ओव्हनची आणि घरच्या ओव्हनमध्ये पंखा फिरत असेल, तर २० अंश कमी ठेवावेत.

आता राहिला नॉबचा खरेपणा. ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून नॉब १८० वर लावावा आणि वीसेक मिनिटांनी काचेतूनच आकडा वाचावा. दार उघडलं की उष्णता निघून जाते. तो १६५ दाखवत असेल, तर त्या ओटीजीत केकसाठी नॉब १९५ च्या आसपास लावायचा.