कुटुंबनियोजनाच्या धोरणात ‘सुरक्षित काळा’चे स्थान

भारताने १९५२ साली शासकीय पातळीवर कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. आरंभी भर होता तो सुरक्षित काळाच्या पद्धतीवर. जागतिक आरोग्य संघटनेने पाठविलेल्या डॉ. अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीची लोधी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे प्रयोग झाले. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. अपेक्षित यश आले नाही. पुढे नसबंदी, तांबी, निरोध व गोळ्या यांनाच प्राधान्य मिळाले.

धोरणात मागे पडलेली ही पद्धत व्यवहारातून मात्र गेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) विवाहित स्त्रियांपैकी ६६.७ टक्के कोणती ना कोणती पद्धत वापरतात. आधुनिक पद्धती वापरणाऱ्या ५६.५ टक्के. उरलेल्या सुमारे दहा टक्क्यांत दिवस मोजणाऱ्या अनेक स्त्रिया आहेत. प्रश्न हा की त्यांना नेमके दिवस कोण सांगते?

स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते; शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून पाळीच्या मधला एखादाच दिवस टाळणे पुरेसे नसते. जॉर्जटाऊन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘स्टँडर्ड डेज’ पद्धतीत पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ८ ते १९ हे दिवस गर्भधारणेच्या शक्यतेचे मानतात. त्यासाठीची ३२ मण्यांची माळ भारतात ‘मालाचक्र’ नावाने आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नियम काटेकोर पाळल्यास वर्षभरात १०० स्त्रियांपैकी सुमारे ५, तर सर्वसाधारण वापरात १२ स्त्रियांना गर्भ राहतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाळीचे चक्र २६ ते ३२ दिवसांचे हवे. बाळंतपणानंतर पाळी नियमित होईपर्यंत ती चालत नाही. पतीचे सहकार्य अनिवार्य आहे. एचआयव्हीसारख्या लैंगिक संसर्गापासून तिने संरक्षण मिळत नाही.

म्हणूनच मार्गदर्शक सूचनांत तिचा समावेश व्हावा तो अन्य साधनांना पर्याय म्हणून नव्हे, तर निवडीतील एक पद्धत म्हणून. ती कोणाला योग्य, कोणाला अयोग्य आणि अपयशाचे प्रमाण किती, हे आरोग्यसेविकेने स्पष्ट सांगावे. अधिक खात्री हवी असणाऱ्या स्त्रीला दुसरे साधन तेथेच मिळावे. मासिक चक्राची शास्त्रीय माहिती महाविद्यालयाच्या वर्गातही देता येते. पद्धत कोणतीही निवडली तरी हे ज्ञान उपयोगीच पडते. अर्धवट माहितीची किंमत मात्र स्त्रीलाच मोजावी लागते.