निर्वात कॉन्टॅक्टर : उभारणी, देखभाल आणि न दिसणाऱ्या दोषाचा प्रश्न

सारांश

उद्योगांतील उच्चदाब मोटरी चालू-बंद करण्यासाठी निर्वात कॉन्टॅक्टरचा वापर सर्वत्र रूढ झाला आहे. ‘देखभालमुक्त उपकरण’ अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती अर्धसत्य आहे. ज्या हवाबंद रचनेमुळे हे उपकरण टिकाऊ ठरते, त्याच रचनेमुळे त्यातील बिघाड डोळ्यांना दिसत नाही आणि नेहमीच्या निरोधन चाचणीतही सापडत नाही. या उपकरणाचे कार्यतत्त्व, त्याच्या मर्यादा, उभारणीतील दक्षता आणि देखभालीची शास्त्रीय पद्धत यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजसंज्ञा : निर्वात कॉन्टॅक्टर, उच्चदाब मोटर, एचआरसी फ्यूज, निरोधन, सुरक्षितता.

१. प्रस्तावना

साखर कारखान्यातील उसाचे तंतू मोकळे करणारा फायबरायझर, सिमेंट कारखान्यातील दळणयंत्रे, औष्णिक वीज केंद्रातील पंखे, शहराच्या पाणीपुरवठा योजनेतील पंप या सर्वांना शेकडो किलोवॅट क्षमतेच्या मोटरी लागतात. ५०० किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर चालवावयाची झाल्यास तिला सुमारे ८४० अँपिअर प्रवाह लागेल. तीच मोटर ६.६ किलोव्होल्टवर सुमारे ५३ अँपिअरमध्ये चालते. तारांचा आकार आणि उष्णतेच्या रूपाने होणारा ऊर्जेचा ऱ्हास कमी व्हावा, म्हणून अशा मोटरी ३.३, ६.६ किंवा ११ किलोव्होल्टवर चालविल्या जातात.

येथे परिभाषेचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय निर्मात्यांच्या माहितीपत्रकांत या श्रेणीस ‘मध्यम दाब’ म्हटले जाते. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये मात्र ‘मध्यम दाब’ म्हणजे २५० ते ६५० व्होल्ट, आणि ६५० व्होल्टपासून ३३ किलोव्होल्टपर्यंत ‘उच्च दाब’, अशी व्याख्या होती. ते नियम आता इतिहासजमा झाले असले, तरी महाराष्ट्रात ‘लघुदाब’ व ‘उच्चदाब’ हेच शब्द व्यवहारात आहेत. ‘मध्यम’ या शब्दावरून धोकाही मध्यम असल्याचा समज होऊ नये, म्हणून प्रस्तुत लेखात ‘उच्चदाब’ हीच संज्ञा वापरली आहे. तसेच ‘विद्युतदाब’ आणि ‘वायुदाब’ हे शब्द सर्वत्र वेगळे ठेवले आहेत.

२. रचना व कार्यतत्त्व

वाहता प्रवाह तोडताना दोन संपर्कांमध्ये विद्युत प्रज्योत, म्हणजेच आर्क, निर्माण होते. ती विझविण्यासाठी पूर्वी हवा व तेल या माध्यमांचा आधार घेतला जात असे. निर्वातात प्रवाह तोडण्याचे प्रयोग रॉयल सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे केले आणि १९२६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तथापि वर्षानुवर्षे निर्वात टिकवून धरणारी हवाबंद कुपी तयार करण्याचे तंत्र साध्य होण्यास त्यानंतर काही दशके जावी लागली.

कॉन्टॅक्टरच्या प्रत्येक फेजसाठी एक अशी कुपी असते. कारखान्यातील तंत्रज्ञ तिला सरसकट ‘बॉटल’ म्हणतात. चिनी मातीसारख्या सिरॅमिक नळीत एक स्थिर व एक चल संपर्क असतो. चल संपर्काची दांडी धातूच्या पातळ, चुणीदार भात्यातून बाहेर येते. त्यामुळे निर्वात न बिघडता तिची हालचाल होऊ शकते. उघड्या स्थितीत दोन संपर्कांमधील अंतर अवघे चार ते सहा मिलिमीटर असते. आतील वायुदाब वातावरणीय दाबाच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी कमी असतो.

संपर्क वेगळे होताच त्यांच्या पृष्ठभागावरील धातूची वाफ होते आणि प्रज्योत त्या वाफेच्या आधारे टिकते. ५० हर्ट्‌झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. अशा शून्यक्षणी वाफेचा पुरवठा थांबतो, ती काही मायक्रोसेकंदांत आतील धातूच्या आवरणावर व संपर्कांवर गोठते आणि ते अंतर पुन्हा निरोधक बनते. प्रज्योत अल्पकाळ टिकत असल्याने झीजही अल्प होते. म्हणूनच अशा कॉन्टॅक्टरचे यांत्रिक आयुष्य दहा लाख किंवा त्याहून अधिक क्रियांचे असते, तर सर्किट ब्रेकरचे ते साधारणतः दहा ते तीस हजार क्रियांचे असते. दिवसातून अनेकदा चालू-बंद होणाऱ्या मोटरीसाठी कॉन्टॅक्टर निवडण्यामागे हेच कारण आहे.

३. उपकरणाच्या दोन मर्यादा

पहिली मर्यादा प्रवाह तोडण्याच्या क्षमतेची आहे. ४०० अँपिअरचा कॉन्टॅक्टर सर्वसाधारणपणे चार किलोअँपिअरच्या आसपास प्रवाह तोडू शकतो. परंतु ६.६ किलोव्होल्टच्या प्रणालीची दोषपातळी ३५० एमव्हीए मानली, तर शॉर्ट सर्किटचा प्रवाह सुमारे ३० किलोअँपिअर भरतो. तो तोडण्याचे काम कॉन्टॅक्टरच्या मागे जोडलेल्या एचआरसी फ्यूजचे असते. अतिभाराचे प्रवाह रिलेच्या आज्ञेने कॉन्टॅक्टरने तोडावेत आणि त्याच्या क्षमतेपलीकडील प्रवाह फ्यूजने, असा या दोहोंमधील समन्वय असावा लागतो. फ्यूज वितळताच त्यातून बाहेर येणाऱ्या खिळीने, म्हणजे स्ट्रायकर पिनने, कॉन्टॅक्टर उघडला पाहिजे. अन्यथा मोटर दोन फेजवर चालत राहून जळते. जळालेल्या फ्यूजच्या जागी हाताशी असलेला दुसऱ्या क्षमतेचा फ्यूज बसविणे म्हणजे हा समन्वय मोडणे होय. एक फ्यूज वितळल्यास तिन्ही बदलणे इष्ट ठरते, कारण उरलेले दोन आतून अंशतः वितळलेले असू शकतात.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. कॉन्टॅक्टर हा आयसोलेटर नव्हे. उघड्या बाटलीतील काही मिलिमीटर अंतरावर विसंबून कोणाही माणसाने मोटरच्या अग्रांना हात लावता कामा नये. आयसोलेटर उघडणे किंवा कॉन्टॅक्टरची गाडी बाहेर ओढणे, दृश्य अंतराची खात्री करणे, कुलूप व सूचनाफलक लावणे, विद्युतदाब नसल्याचे तपासणे आणि नंतर भूसंयोजन करणे हा क्रम अटळ आहे.

४. उभारणीतील दक्षता

कॉन्टॅक्टर हाताळताना तो बाटली किंवा जोडपट्ट्या धरून उचलू नये. भात्याला पीळ बसला, तर डोळ्यांना न दिसणारी भेग पडू शकते आणि बिघाडाची सुरुवात उपकरण सुरू होण्यापूर्वीच होते. हेच पथ्य जोडपट्ट्यांचे बोल्ट आवळतानाही पाळावे : पट्ट्या आपापल्या जागी विनासायास बसल्या पाहिजेत, ओढून-ताणून बसविल्यास तो ताण बाटलीवर येतो. बोल्ट निर्मात्याने दिलेल्या बलानेच, टॉर्क पान्याने आवळावेत.

कॉन्टॅक्टर मिटविण्याच्या क्रियेत भात्यावर पडणाऱ्या वातावरणीय दाबाचाही वाटा असतो. त्यामुळे काही निर्माते समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार स्प्रिंगचे समायोजन करावयास सांगतात. बाहेरील हवेच्या निरोधनाबाबत मानकांतील सर्वसाधारण मर्यादा १००० मीटरची आहे. महाराष्ट्रातील बहुतेक औद्योगिक क्षेत्रे तिच्याखाली येतात. येथील खरा शत्रू उंचीपेक्षा आर्द्रता व धूळ हा आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम पावसाळ्यापूर्वी आटोपतो आणि पॅनेल भर पावसाळ्यात बंद राहतात. बगॅसचे बारीक कण ओलावा शोषून निरोधकांवर चिकटतात. म्हणून पॅनेलमधील हीटरचा पुरवठा मुख्य पुरवठ्यापासून स्वतंत्र ठेवावा आणि हंगाम संपल्यावरही तो चालू राहील, याची व्यवस्था उभारणीच्या वेळीच करावी.

नियंत्रण परिपथातील विद्युतदाबाची मोजणी कॉइल कार्यरत असताना करावी. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार नियंत्रण विद्युतदाब नियत मूल्याच्या ८५ ते ११० टक्के असताना कॉन्टॅक्टर विनातक्रार मिटला पाहिजे. लांबवरून आणलेल्या बारीक तारेमुळे मिटण्याच्या क्षणी विद्युतदाब याहून खाली गेल्यास संपर्क अर्धवट मिटतात, थरथरतात आणि एकमेकांना चिकटतात.

५. विद्युतदाबाच्या लाटा

निर्वाताचा गुण अतिरेकाला गेला की दोष होतो. प्रवाह शून्यावर पोहोचण्यापूर्वीच, काही अँपिअर असताना, तो एकाएकी तुटतो. त्या क्षणी मोटरच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा विद्युतदाबाच्या रूपाने उसळते. परिपथाची लाट-प्रतिबाधा ३००० ओहम मानली, तर चार अँपिअर प्रवाह तुटल्यास १२ किलोव्होल्टची आणि एक अँपिअर तुटल्यास तीन किलोव्होल्टची लाट उद्भवते. म्हणून कॉन्टॅक्टरच्या संपर्कांसाठी चांदी व टंगस्टन कार्बाइडसारखी, अल्प प्रवाहावरच तुटणारी मिश्रणे वापरली जातात.

मोटर पूर्ण वेग घेण्यापूर्वीच बंद केली गेल्यास परिस्थिती अधिक बिकट होते. प्रज्योत पुन:पुन्हा प्रज्वलित होऊन प्रत्येक वेळी लाट वाढत जाते आणि तिचा आघात वेटोळ्याच्या पहिल्या काही फेऱ्यांवर होतो. जुन्या मोटरीला नवा निर्वात कॉन्टॅक्टर जोडताना हा विचार हटकून राहून जातो. लाट-निरोधक किंवा रोध-धारित्राची जोडी शक्यतो मोटरच्या अग्रांजवळ बसविणे हा त्यावरील उपाय आहे.

६. देखभाल : न दिसणाऱ्या दोषाचा शोध

धूळ पुसणे, बोल्ट तपासणे, हलत्या भागांना निर्मात्याने सांगितलेले वंगण देणे ही कामे परिचित आहेत. संपर्कांची झीज बाटली न उघडता, मिटलेल्या स्थितीतील स्प्रिंगचे उर्वरित दबणे मोजून कळते. मिटलेल्या संपर्कांचा रोध सूक्ष्म-ओहममापकाने तपासावा आणि तिन्ही फेजच्या मूल्यांची परस्परांशी व मागील नोंदींशी तुलना करावी. खरा प्रश्न निर्वाताचा आहे.

समजा, तीनपैकी एका बाटलीत हवा शिरली. मोटरचा न्यूट्रल भूसंयोजित नसतो. त्यामुळे उरलेल्या दोन बाटल्यांनी प्रवाह खंडित करताच तिसऱ्या फेजला परतीचा मार्ग उरत नाही. मोटर थांबते, पॅनेलवरील हिरवा दिवा लागतो, सर्व काही सुरळीत भासते. प्रत्यक्षात त्या मोटरच्या वेटोळ्यांपासून पुरवठ्याला केवळ एक सदोष अंतर वेगळे ठेवीत असते. ते भेदले गेले, तर मोटरच्या तिन्ही अग्रांवर विद्युतदाब येतो. हा दोष महिनोन्‌महिने सुप्त राहू शकतो आणि दुसरी बाटली निकामी झाल्यावर किंवा भूदोष उद्भवल्यावर स्फोटाच्या रूपाने प्रकट होतो. त्याआधी तो प्रकट झालाच, तर दिव्यावर विश्वास ठेवणाऱ्या कामगाराच्या हाताखाली.

अशा बाटलीची तपासणी मेगरने केल्यास काय होईल? साध्या हवेचे पाच मिलिमीटर अंतर सुमारे १५ किलोव्होल्ट शिखरमूल्य सहन करते. मेगरचा विद्युतदाब सामान्यतः पाच किलोव्होल्टपर्यंत असतो. अर्थात हवेने पूर्ण भरलेली बाटलीही या चाचणीत उत्तीर्ण होते. ६.६ किलोव्होल्ट प्रणालीतील फेज व भूमी यांमधील शिखरमूल्यही सुमारे ५.४ किलोव्होल्टच असल्याने नित्याच्या कामकाजात तिचा दोष उघडकीस येत नाही. गळती अर्धवट असेल, तर पाशेनच्या नियमानुसार विशिष्ट अल्प वायुदाबास हवेची भेदनक्षमता काही शे व्होल्टपर्यंत घसरते. ती अवस्था मेगरला सापडू शकते. परंतु गळती पुढे चालू राहिली, की बाटली पुन्हा ‘चांगली’ दिसू लागते.

म्हणून उघड्या संपर्कांवर उच्च विद्युतदाबाची चाचणी हाच क्षेत्रीय स्तरावरील विश्वासार्ह मार्ग ठरतो. ७.२ किलोव्होल्ट श्रेणीसाठी नियत सहनदाब २० किलोव्होल्ट आहे. वापरातील कॉन्टॅक्टरवर निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे त्याचा काही अंश लावला जातो. १५ किलोव्होल्टचे शिखरमूल्य २१ किलोव्होल्ट होते. हवा भरलेले अंतर ते सहन करू शकत नाही, निर्वात मात्र सहज करते. चाचणीपूर्वी मोटर, लाट-निरोधक व विद्युतदाब रोहित्र हे सर्व परिपथापासून वेगळे करावेत. उघड्या बाटलीवर उच्च विद्युतदाब लावल्यास अल्प प्रमाणात क्ष-किरण निर्माण होऊ शकतात. त्यामुळे आवरणे जागेवर ठेवावीत, निर्मात्याने दिलेल्या मूल्याहून अधिक विद्युतदाब लावू नये आणि सुरक्षित अंतर राखावे.

ही चाचणी उभारणीनंतर, त्यानंतर निर्मात्याने दिलेल्या कालावधीने आणि प्रत्येक मोठ्या शॉर्ट सर्किटनंतर करणे अगत्याचे आहे. साखर कारखान्यासाठी हंगामपूर्व दुरुस्तीचा काळ तीस सोयीचा ठरतो. प्रत्येक बाटलीची स्वतंत्र नोंद ठेवावी. एक सदोष आढळल्यास तिन्ही बदलण्याबाबत निर्मात्याचा सल्ला घ्यावा.

७. निष्कर्ष

निर्वात कॉन्टॅक्टरने तेलाची स्वच्छता आणि संपर्कांची घासाघीस यांतून देखभाल विभागाची सुटका केली, हे निर्विवाद आहे. तथापि देखभालीची गरज संपली नाही. तिचे स्वरूप पालटले. पूर्वी जळका संपर्क पाहून दोष कळत असे, आता तो मोजमापातूनच कळतो. हे मोजमाप कशाचे व का करावयाचे, हे कामगारास समजले नाही, तर मेगरचे समाधानकारक वाचन हीच एक धोकादायक फसवणूक ठरते.

अभियांत्रिकी पदविका व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अध्यापनात या विषयाला स्वतंत्र स्थान देणे त्यामुळे उचित होईल. पाशेनचा नियम भौतिकशास्त्राच्या वर्गात आलेखापुरता शिकविला जातो. तोच आलेख एका कॉन्टॅक्टरच्या संदर्भात समजावून दिल्यास, मेगर समाधानकारक वाचन देत असतानाही बाटली निकामी का असू शकते, हे विद्यार्थ्यास उमगेल आणि हिरवा दिवा पाहून मोटरच्या अग्रांकडे हात नेण्यापूर्वी तो आयसोलेटर उघडेल.