लाट दिसली? बोटीचे तोंड वळवा!

सियालदहला उतरलात, की हुगळी नदीत नौकाविहार करावासा वाटतोच. पण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मोठ्या भरतीत, या नदीत पाणी भिंतीसारखे उलटे चढते. बंगाली नावाडी त्याला ‘बान’ म्हणतात. ही लाट काठाजवळ फुटते, म्हणून ते नाव आधीच मध्यावर, खोल पाण्यात नेतात.

छोटी मोटरबोट चालवताना मोठ्या जहाजाच्या लाटा आल्या, तर वेग कमी करा. पण इंजिन बंद करू नका, नाहीतर बोट वळणार नाही. लाट बाजूने अंगावर घेऊ नका. बोटीचे तोंड लाटेकडे, थोडे तिरके ठेवा. सगळ्यांना मधोमध, खाली बसवा. एक लाट गेली म्हणून लगेच उठू नका, मागून आणखी येतात. आणि लाइफ जॅकेट? ते घाटावरच घाला!