एका डावाचं अंतर

नोव्हेंबर 1974, मॉस्को. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या अंतिम लढतीचा एकविसावा डाव. पांढरी मोहरी घेऊन बसलेला 43 वर्षांचा ग्रँडमास्टर बेल्जियन पंच अल्बेरिक ओ'केली यांना विचारतो, हत्तीवर मारा असताना किल्लेकोट करता येतो ना? बुद्धिबळाच्या शिबिरात पोरांना पहिल्या काही दिवसांतच शिकवतात तो हा नियम. राजाला शह असेल, राजा ज्या घरावरून सरकणार किंवा ज्या घरात थांबणार तिथे शह बसत असेल, तर किल्लेकोट नाही. हत्तीवर कुणाची नजर असली तर खुशाल करा. पंचांनी तसं सांगितलं, किल्लेकोट झाला आणि जेमतेम 19 चालींत समोरच्या अनातोली कार्पोवने डाव सोडला.

विचारणारा होता व्हिक्टर कोर्चनॉय, चार वेळा सोव्हिएत संघाचा विजेता. बुद्धिबळाच्या इतिहासात त्याची ओळख बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतात: जगज्जेता न झालेल्यांमधला सर्वांत बलवान. खरं आहे, पण एस्टोनियाच्या पॉल केरेसलाही हेच म्हणतात, आणि दोघांच्या कारकिर्दीत एकमेकांसारखं फारच थोडं आहे. कोर्चनॉयचे निकाल तारीखवार मांडून बसलं की वेगळंच काही दिसायला लागतं. हा माणूस आघाडीवर असताना जेवढा चांगला खेळायचा, त्याहून पिछाडीवर असताना जास्त चांगला खेळायचा. आणि तरीही, दोन वेळा, ऐन मोक्याला एका डावाने कमी पडला.

त्याचा जन्म 23 मार्च 1931 रोजी लेनिनग्राडला झाला. जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडील लाडोगा सरोवराच्या बाजूला गेले ते गेलेच. घरातली आणखी काही माणसंही त्या उपासमारीत गेली. सावत्र आई रोझा हिने त्याला वाढवलं. वेढ्यातून वाचलेला हा मुलगा शहरातल्या पायोनियर पॅलेसमध्ये व्लादिमीर झाक या प्रशिक्षकाच्या हाताखाली पटावर बसू लागला. पुढे लेनिनग्राड विद्यापीठातून त्याने इतिहासाची पदवी घेतली आणि 1956 मध्ये तो ग्रँडमास्टर झाला. त्या काळी हा किताब जगात मोजक्याच लोकांकडे होता.

सोव्हिएत विजेतेपद त्याने 1960, 1962, 1964 आणि 1970 मध्ये मिळवलं. आजच्या वाचकाला या चार आकड्यांचं वजन कळणं कठीण. ताल, पेट्रोशियन, स्पास्की, स्मिस्लोव, केरेस असे लोक ज्या स्पर्धेत एकमेकांच्या समोर येत, ती राष्ट्रीय स्पर्धा नावापुरतीच राष्ट्रीय. तिथून पहिला येणं हे परदेशातल्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकण्यापेक्षा अवघड होतं.

खेळ कसा होता? घासाघिशीचा. समोरच्याने हल्ल्यासाठी एखादं प्यादं पुढे केलं की कोर्चनॉय ते बिनदिक्कत खायचा. मग तीस-तीस चाली मार सोसायचा, सगळी मोहरी मागे ओढून बसायचा आणि हल्ल्यातली वाफ गेली की ते एक जादा प्यादं शेवटापर्यंत न्यायचा. हल्ल्याचा बादशहा मिखाईल ताल याला ही पद्धत सगळ्यात जड गेली. तालने अख्ख्या जगाची दाणादाण उडवली, पण कोर्चनॉयसमोर आयुष्यभर त्याचं पारडं हलकंच राहिलं. काळ्या मोहऱ्यांनी कोर्चनॉयची लाडकी सुरुवात फ्रेंच बचाव. त्यातही तोच मामला: आधी जागा द्यायची, कोंडून घ्यायचं आणि मग उलट वार. या खेळाला एक शाप होता. बचाव करायला विचार लागतो आणि विचाराला वेळ. कोर्चनॉयच्या घड्याळात शेवटच्या दहा चालींना अनेकदा मिनिटंच उरायची. त्याचे सर्वांत मोठे घात तिथेच झाले.

आता पुन्हा 1974 कडे. त्या लढतीत 24 डाव व्हायचे होते. 23 वर्षांचा कार्पोव 3-0 असा पुढे गेला. शेवटच्या टप्प्यात कोर्चनॉयने एकोणिसावा आणि एकविसावा डाव जिंकला, पण डाव संपले. निकाल 3-2, बाकी 19 डाव बरोबरीत. हा पराभव तेव्हा उमेदवारांच्या फेरीतला होता. पण 1975 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचा जगज्जेता बॉबी फिशर याने आपल्या अटी मान्य झाल्या नाहीत म्हणून खेळायला नकार दिला आणि कार्पोव एकही चाल न करता जगज्जेता झाला. म्हणजे मागे वळून पाहिलं तर जगज्जेतेपदाचा फैसला मॉस्कोतच, एका डावाच्या फरकाने होऊन गेला होता.

कोर्चनॉयला हे गप्प बसून गिळता आलं नाही. एका युगोस्लाव वृत्तपत्राला त्याने मुलाखत दिली आणि कार्पोवच्या खेळाबद्दल व त्याला मिळणाऱ्या सरकारी मायेबद्दल मनातलं बोलून टाकलं. शिक्षा ठरलेली: परदेशी स्पर्धा बंद, मानधनात कपात. बंदी उठल्यावर 1976 च्या जुलैत तो ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेत खेळायला गेला आणि इंग्लंडच्या टोनी माइल्सबरोबर संयुक्त पहिला आला. सांगतात की त्याने माइल्सलाच विचारून घेतलं, 'राजकीय आश्रय' हे इंग्रजीत कसं लिहायचं. मग तो थेट पोलीस ठाण्यात गेला. सोव्हिएत संघाचा पळून गेलेला पहिला बडा ग्रँडमास्टर तो. बायको आणि मुलगा मागेच राहिले.

इथून पुढे सोव्हिएत खेळाडूंनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. तो ज्या स्पर्धेत, त्यात ते नाहीत. पण जगज्जेतेपदाच्या साखळीतून त्याला वगळणं जागतिक संघटनेला शक्य नव्हतं. त्यामुळे नियतीने गंमत केली. त्याच्या वाट्याला एकामागून एक सोव्हिएत खेळाडूच आले. 1977 मध्ये त्याने पेट्रोशियनला 6½-5½, पोलुगायेव्हस्कीला 8½-4½ असं हरवलं. जानेवारी 1978 मध्ये संपलेल्या बेलग्रेडच्या लढतीत स्पास्कीला 10½-7½. वयाच्या 46 व्या वर्षी तो जगज्जेतेपदाच्या लढतीला पात्र ठरला.

ती लढत फिलिपिन्समधल्या बागियो या थंड हवेच्या गावी झाली. 18 जुलै ते 18 ऑक्टोबर 1978, पुरते तीन महिने. तिथल्या भानगडींवर पुस्तकं निघाली आहेत, कारण त्या आहेतच तशा. दुसऱ्या डावात कार्पोवला मध्येच दही आणून दिलं, तर कोर्चनॉयच्या गोटाने तक्रार केली की दह्याच्या चवीतून किंवा रंगातून सांकेतिक निरोप जात असेल. मग कोणतं दही किती वाजता द्यायचं हे पंचमंडळाने ठरवून दिलं. खुर्च्यांची क्ष-किरण तपासणी झाली. सोव्हिएत पथकातले व्लादिमीर झुखार नावाचे मानसशास्त्रज्ञ प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयकडे एकटक बघत राहायचे. उत्तर म्हणून कोर्चनॉय आरशासारख्या चकाकणाऱ्या काचांचा चष्मा लावून यायचा. आठव्या डावाच्या आधी कार्पोवने हस्तांदोलन नाकारलं.

या तमाशात भारताचाही एक धागा आहे. बिहारमध्ये सुरू झालेल्या आनंद मार्ग पंथाचे दोन पाश्चात्त्य अनुयायी कोर्चनॉयला ध्यान शिकवायला बागियोत आले होते. दोघे एका भारतीय राजनैतिक अधिकाऱ्यावरील खुनी हल्ल्याच्या खटल्यात जामिनावर होते. भगवी वस्त्रं घालून ते सभागृहात बसू लागले तशी सोव्हिएत पथकाने ओरड केली आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. कोर्चनॉयला मात्र त्यांच्या शिकवण्याने डोकं शांत राहतं असं वाटत होतं. त्यानंतरचे निकाल बघता त्याला खोटं पाडणं अवघड आहे.

माझ्या मते बागियोची खरी गोष्ट दह्यात नाही, नियमात आहे. पूर्वी जगज्जेतेपदाची लढत 24 डावांची असायची. फिशरने आग्रह धरला की बरोबरी मोजूच नये, ठरावीक विजय आधी मिळवेल तो जिंकला. फिशर बाजूला झाला, पण ती कल्पना राहिली: बागियोत सहा विजय हवे होते, डाव कितीही होवोत. चोविसाव्या डावानंतर कार्पोव 4-2 असा पुढे होता. जुना नियम असता तर लढत तिथेच आटोपली असती आणि आज आपण तिला एकतर्फी म्हटलं असतं. नवा नियम होता म्हणून खेळ चालू राहिला. सत्ताविसावा कार्पोवने जिंकला, 5-2. आता फक्त एक विजय. आणि इथे कोर्चनॉयने अठ्ठाविसावा जिंकला, एकोणतिसावा जिंकला, तिसावा बरोबरीत सुटला, एकतिसावा जिंकला. 5-5. वीस वर्षांनी लहान, तोवर दमदार खेळणारा जगज्जेता चार डावांत कडेलोटापर्यंत आला.

बत्तिसाव्या डावात कोर्चनॉय काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. त्या काळी पाच तासांत डाव संपला नाही तर तो तहकूब व्हायचा. पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद केली जायची आणि रात्रभर दोन्ही गोट त्या स्थितीची चिरफाड करत बसायचे. बत्तिसावा तहकूब झाला तेव्हाच कोर्चनॉयची स्थिती गेलेली होती. दुसऱ्या दिवशी तो पटावर आलाच नाही; हार कळवली. 6-5, बाकी 21 डाव बरोबरीत.

झुखार महाशयांनी मागे बसायचं ठरलं असताना शेवटच्या डावाला ते पुढे येऊन बसले, हा करारभंग होता, अशी तक्रार त्याने नंतर केली. असेलही. पण त्याचे हुकलेले डाव झुखारने हुकवले नव्हते. पाचव्या डावात घड्याळाच्या घाईत त्याच्या डोळ्यांसमोरची मात निसटली आणि 124 चाली खेळून डाव कोंडीने बरोबरीत सुटला. सतराव्यात बरी स्थिती असताना वेळेच्या टंचाईत त्याने हत्ती नको त्या घरात नेला आणि कार्पोवच्या घोड्यांनी त्याचा राजा कोपऱ्यात गाठला. या दोनांपैकी एक जरी डाव सुटला नसता तर? बुद्धिबळात 'जर-तर' ला गुण नसतात, हे खरं. तरी हिशेब मांडायचा मोह होतो.

1981 च्या इटलीतल्या मेरानोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पन्नाशीचा कोर्चनॉय पुन्हा आव्हानवीर झाला हेच मोठं. त्याचा मुलगा इगोर लष्करी सेवा चुकवल्याबद्दल तिकडे श्रमछावणीत होता आणि बाप इकडे पटावर. कार्पोव 6-2 असा सहज जिंकला. पुढच्या वर्षी कुटुंबाची सुटका झाली. तिन्ही लढती एकत्र घेतल्या तर 74 डाव, त्यांतले 50 बरोबरीत, 15 कार्पोवचे, 9 कोर्चनॉयचे. या बेरजेत मेरानो फार जागा अडवून बसतं. ते बाजूला ठेवलं तर उरलेल्या 56 डावांत फरक फक्त दोनाचा, नऊ विरुद्ध सात.

1983 मध्ये उमेदवारांच्या उपांत्य फेरीत त्याच्यासमोर वीस वर्षांचा गॅरी कास्पारोव होता. लढत अमेरिकेत पॅसाडेनाला ठरली, सोव्हिएत संघाने खेळाडू पाठवला नाही, आणि नियमाने कोर्चनॉय न खेळता पुढे गेला. इथे त्याने ताठपणा सोडला. सोव्हिएत बहिष्कार उठण्याच्या बदल्यात तो लंडनमध्ये खेळायला तयार झाला, पहिला डाव जिंकला आणि 7-4 ने लढत हरला. कास्पारोव पुढे काय झाला ते सर्वांना माहीत आहे. हातात आलेला विजय पुन्हा पटावर मांडणारा माणूस एरवी भांडकुदळ म्हणूनच ओळखला जातो, ही त्याच्या प्रतिमेशी न जुळणारी गोष्ट.

1962 ते 1991 या काळात तो दहा वेळा उमेदवारांच्या फेरीत होता. शेवटच्या वेळी साठीचा. बॉटविनिक, स्मिस्लोव, ताल, पेट्रोशियन, स्पास्की, फिशर, कार्पोव, कास्पारोव या आठही जगज्जेत्यांना त्याने निदान एकेकदा हरवलं. नववा मॅग्नस कार्लसन: 2004 मध्ये नॉर्वेतल्या ड्रामेनला 73 वर्षांच्या कोर्चनॉयने 14 वर्षांच्या पोराला घोळात घेतलं. 1911 साली जन्मलेला बॉटविनिक आणि 1990 चा कार्लसन एकाच माणसाच्या जिंकलेल्या डावांच्या यादीत आहेत. त्याचं सर्वोच्च एलो मानांकन 1979 मध्ये 2695 होतं. आज 2700 च्या पुढे तीसेक खेळाडू असतात म्हणून हा आकडा कुणी किरकोळ समजू नये. तेव्हा त्याच्या वर फक्त कार्पोव होता. एलो हा त्या-त्या काळातल्या खेळाडूंशी तुलना सांगणारा आकडा आहे, पन्नास वर्षांच्या अंतरावरून तो लावायचा नसतो.

वयाच्या पंचाहत्तरीत, जानेवारी 2007 च्या यादीत, तो जगात 85 वा होता. इतक्या वयाचा दुसरा कुणी पहिल्या शंभरात आलेला नाही. पुढे स्वित्झर्लंडचा झालेला कोर्चनॉय 2009 मध्ये त्या देशाचा विजेता झाला, 78 व्या वर्षी. 2011 च्या सुरुवातीला जिब्राल्टरच्या स्पर्धेत त्याच्यासमोर 18 वर्षांचा फॅबियानो कारुआना बसला, मानांकन 2700 च्या वर. कोर्चनॉयकडे काळी मोहरी होती. तो जिंकला. त्याच वर्षी लॉइकरबाडला, ऐंशी पूर्ण झाल्यावर, बरोबरी फोडणाऱ्या लढतीत जो गॅलाघरला मागे टाकून त्याने स्वित्झर्लंडचं विजेतेपद पुन्हा मिळवलं. पुढे पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीत बसवल्यावरही जुना मित्र वोल्फगांग उलमानशी तो खेळलाच. 6 जून 2016 रोजी वोलेन इथे, 85 व्या वर्षी, तो गेला.