फोचा रस्सा आणि आपले बी.पी.

नोकरीला लागलेली आपली मुले आता आईवडिलांना नव्या प्रकारच्या हॉटेलांत नेतात. व्हिएतनामी हॉटेल त्यातलेच. तिथला ‘फो’ म्हणजे हाडांच्या रश्श्यात तांदळाच्या शेवया, मांसाचे पातळ काप आणि वर हिरवा पाला. तेल कमी, म्हणून हलके वाटते. पण मीठ रश्श्यात असते.

रश्श्यात ‘नुओक माम’ घालतात. मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेले हे पाणी. आपल्या खाऱ्या सुक्या मासळीसारखाच मिठाचा प्रकार. त्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

म्हणून बी.पी. असलेल्यांना आम्ही सांगतो : शेवया, मांस, पाला खा, रस्सा बराचसा वाडग्यातच राहू द्या. वरून सॉस ओतू नका, लिंबू पिळा. त्या दिवशी घरी लोणचे, पापड, सुकट नको. गरोदर बायांनी मांस पूर्ण शिजवून मागावे. आणि बाहेर जेवायला गेलो तरी बी.पी.ची गोळी चुकवायची नाही.